मिनी केग की काचेच्या बाटल्या? घरची बिअर कशात भरायची यावर भांडूया

फेसाळ (न्यू जर्सी)
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. घरी बिअर करणाऱ्यांनी काचेच्या बाटल्या आता सोडाव्यात आणि 5 लिटरच्या स्टीलच्या मिनी केगवर, म्हणजे गॅसच्या दाबाने तोटीतून बिअर देणाऱ्या छोट्या पिंपावर, यावं असं माझं ठाम मत आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी खाली भांडावं. आधीच सांगतो, हे अमेरिकेतलं चाललंय, 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी सही केली तेव्हापासून इकडे फेडरल कायद्याने घरी बिअर करता येते, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, जी कोणाच्या बापाच्याने पिऊन होणार नाही. पुण्यामुंबईच्या लोकांनी फक्त वाचावं, तिकडे दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे.

तर हिशोब बघा. नेहमीची बॅच 5 गॅलनची, म्हणजे 19 लिटर. 12 औंसच्या बाटल्या पन्नासेक लागतात. प्रत्येक बाटली धुवा, उजेडाकडे धरून बुडाशी काही चिकटलंय का बघा, सॅनिटायझरमध्ये बुचकळा, उलटी ठेवा, भरा, झाकण ठेवा, कॅपरने (झाकण बसवायच्या यंत्राने) दाबा, आणि त्यात एखाद्या बाटलीचा गळा कॅपर दाबताना तुटला की मग अख्ख्या ओट्यावर काचा शोधत बसा. शनिवार गेला. तेवढ्याच बिअरला मिनी केग लागतात चार.

दुसरं म्हणजे हवा. हेझी आयपीए, म्हणजे ती गढूळ, फळांच्या वासाची बिअर, बाटलीत भरून बघा, महिनाभरात तो छान पिवळा रंग मळकट तपकिरी होतो आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी, कारण भरताना आणि झाकणाखालच्या मोकळ्या जागेत ऑक्सिजन जातोच. केग आधी सीओटूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसने, भरून घेता येतो आणि मग नळीने बंदच्या बंद बिअर आत सोडता येते. शिवाय ऊन. उजेडाने हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू द्रव्याची वाट लागते आणि तो कुबट वास येतो, हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत तर फारच लवकर. स्टीलमध्ये हा प्रश्नच नाही.

बोला आता.

बूच (लेस्टर)
बोलतो. पहिला प्रश्न, तुमच्या चार केगचे पैसे कोणी मोजायचे? रेग्युलेटर (गॅसचा दाब ठरवणारा) आणि तोटीसकट एक चांगला स्टीलचा मिनी केग घ्यायचा म्हणजे पौंडातले तीन आकडे जवळ येतात, गुणिले चार. माझ्या बाटल्या फुकट आहेत. मित्र पितात, मी त्यांच्याकडून रिकाम्या उचलतो, लेबलं कोमट पाण्यात सोड्याने रात्रभर भिजवली की निघतात. कॅपर एकदाच घेतला आणि झाकणं तर कवडीमोलाने मिळतात.

दुसरं, कार्ट्रिजचं, म्हणजे केगला लावायच्या गॅसच्या छोट्या नळकांड्याचं, गणित कोणी सांगत नाही ते मी सांगतो. 5 लिटरचा केग रिकामा होताना बिअरच्या जागी 5 लिटर गॅस भरावा लागतो, 10-12 पीएसआय दाबाला धरला तर 16 ग्रॅमची एक कार्ट्रिज फक्त ढकलण्यातच जाते. बिअर सपाट असेल आणि तिच्यात गॅस मुरवायचा असेल तर अडीच व्हॉल्यूमला (बिअरच्या अडीच पट गॅस) लिटरमागे जवळपास 5 ग्रॅम म्हणजे 5 लिटरला 25 ग्रॅम, त्यातला थोडा बिअरमध्ये आधीपासून असतो ते मान्य, तरी अजून एक कार्ट्रिज गेलीच. म्हणजे दर केगमागे दोन, बॅचमागे आठ, आणि ती रिकामी टरफलं कचऱ्यात. आणि ओ-रिंगवर (जोडातल्या रबरी कडीवर) एक केस जरी अडकला तरी रात्रीतून सगळा गॅस भुर्र, सकाळी काटा शून्यावर. बाटलीत दीड चमचा साखर घातली की पुढचं यीस्ट बघून घेतं.

बूच
वरती दीड चमचा म्हणालो ते एका बाटलीला नाही हो, उगाच कोणीतरी तसं करेल आणि कपाट उडवेल. लिटरमागे 6-7 ग्रॅम, सगळ्या बॅचची साखर एकत्र उकळून बिअरमध्ये ढवळायची आणि मग भरायचं.

सातू (श्टुटगार्ट)
आमच्याकडे जर्मनीत हा वाद वेगळाच आहे. इथे स्विंग टॉपच्या बाटल्या, म्हणजे तारेने बंद होणारं चिनी मातीचं झाकण असतं त्या, क्रेटने मिळतात. बाटलीचं डिपॉझिट 15 सेंट, वर क्रेटचे दीड युरो, म्हणजे 20 बाटल्यांचा भरलेला क्रेट साडेचार युरो डिपॉझिटला घरी येतो. दोन क्रेट म्हणजे अर्ध्या लिटरच्या 40 बाटल्या, 19 लिटरची बॅच आरामात मावते, एकूण 9 युरो. आतली बिअर आधी संपवावी लागते एवढाच त्रास, तो आम्ही सहन करतो. कॅपर नको झाकणं नको, वर्षातून एकदा रबरी वॉशर बदला.

आणि मिनी केग म्हटलं की सगळे स्टीलचे केग धरून बोलतायत. इकडे 5 लिटरचा पत्र्याचा पार्टी केग मिळतो, वरून रबरी बूच आणि खालच्या अंगाला प्लास्टिकची तोटी. तो स्वस्त असतो म्हणून नवीन माणूस आधी तोच घेतो. त्यात बाटलीच्या हिशोबाने साखर घालायची नाही, निम्मीच, लिटरमागे 3-4 ग्रॅम. जास्त घातली तर डब्याची दोन्ही तोंडं फुगतात, आणि एकदा फुगलेला डबा टेबलावर सरळ उभाच राहत नाही, डुलत बसतो. आतून लाखेचा पातळ थर असतो, ब्रश घातला की ओरखडे, ओरखडे आले की गंज. दोनचार वेळा वापरायचा आणि भंगारात.

फेसाळ
सातू, पत्र्याच्या डब्याबद्दल शंभर टक्के सहमत, मी स्टीलच्याच केगबद्दल बोलतोय.

बूचभाऊ, तुमचं कार्ट्रिजचं गणित बरोबर आहे पण तुम्ही ते मुद्दाम महाग करून मांडलंय. केगमध्येही साखर घालता येते की! यीस्टला गॅस करू द्या, कार्ट्रिज फक्त ओतायला. मग केगमागे एकच. आणि गळतीला उपाय दोन डॉलरचा आहे, स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी, जोडावर मारायचं, बुडबुडे आले की कळतं कुठून जातोय. ओ-रिंगला खाण्याचं ग्रीस लावा. लोक हे करत नाहीत आणि केगला शिव्या घालतात.

शिवाय मला संध्याकाळी पाऊण ग्लासच हवा असतो. केगमधून तेवढाच घेतो, उरलेली आठवडाभर तशीच ताजी.

बूच
साखर घातली म्हणजे साका, यीस्टचा गाळ, आलाच. बाटलीत तो तळाशी घट्ट बसतो, ओतताना शेवटचा घोट सोडला की झालं. केगमध्ये आतली नळी थेट बुडापर्यंत गेलेली, पहिला ग्लास म्हणजे ताक. आणि केग पार्टीला गाडीतून नेलात की सगळा साका परत वर, रात्रभर पाहुण्यांना यीस्ट पाजा.

आणि धुण्याचं बोला ना. बाटली उजेडाकडे धरली की आरपार दिसते. केगचं तोंड दोन बोटांचं, आत काय वाळलंय ते तुम्हाला कधीच दिसत नाही, गरम पाणी आणि पावडर घालून हलवायचं आणि देवावर हवाला.

सव्वाशेर (सॅन होजे)
दोघेही चुकताय. घ्यायचाच तर 19 लिटरचा कॉर्नी घ्या. मुळात कॉर्नेलियस कंपनीचे हे केग कोल्ड्रिंकवाल्यांसाठी होते, सोडा मशिनला बॅग इन बॉक्स (खोक्यातली सरबताची पिशवी) आल्यावर सेकंडहँड बाजारात आले आणि इथल्या घरच्या ब्रूअर लोकांचं भाग्य उजळलं. झाकण मोठं, हात आत जातो, स्पंजने घासा. 5 पाउंड गॅसचा सिलिंडर एकदा भरला की कित्येक बॅच निघतात, कार्ट्रिजची कटकट नाही. मिनी केगमध्ये बाटलीचा स्वस्तपणाही नाही आणि मोठ्या केगची सोयही नाही, तेलही गेलं तूपही गेलं.

फेसाळ
सव्वाशेर, कॉर्नी ठेवायला वेगळा फ्रिज लागतो आणि तो ठेवायला गॅरेज लागतं. मी दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहतो साहेब. मिनी केग म्हणूनच म्हणतोय, घरच्या फ्रिजमध्ये मधला एक कप्पा काढला की उभा मावतो.

मृद्गंध (टोरांटो)
मधला एक कप्पा काढला की मावतो हे वाक्य लिहिणारा माणूस फ्रिजमध्ये इडलीचं पीठ कुठे ठेवतो हे मला जाणून घ्यायचंय 😄

मी स्वतः बिअर करते, नवरा फक्त पितो आणि सल्ले देतो. माझं मत बूच यांच्या बाजूने पण कारण वेगळं आहे. मी बेल्जियन ट्रिपल आणि बार्लीवाइन करते, 9-10 टक्के अल्कोहोलच्या, त्यांना मुरायला सहा महिने वर्ष लागतं. सहा महिने एक महागडा केग अडकवून ठेवायचा? त्यापेक्षा दोन डझन बाटल्या बेसमेंटमध्ये अंधारात टाकल्या, दर महिन्याला एक उघडायची, चव कशी बदलतेय ते वहीत लिहायचं. हा आनंद केग देत नाही, केग उघडला की तो संपवायचा असतो. शिवाय स्पर्धेला पाठवायची झाली तर बाटल्याच मागतात, आणि दिवाळीला शेजाऱ्याला काय केग नेऊन देणार का?

हेझीचं मात्र फेसाळ म्हणतात ते खरं आहे, ती बाटलीत टिकत नाही. पण ती मी करतच नाही, मला आवडत नाही, फळांचा ज्यूस प्यायचा तर ज्यूस पिईन.

फेसाळ
ज्यूस 😭 एवढं बोलायची गरज नव्हती ताई.

इडलीचं पीठ खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये जातं. आणि भेटीसाठी मी केगमधून बाटली भरतो, तोटीला लांब नळी लावायची, बाटली आधी फ्रीजरमध्ये गार करायची, दाब कमी करून हळू भरायची, फेस वर आला की फेसावरच झाकण मारायचं म्हणजे हवा राहत नाही.

बूच
म्हणजे शेवटी बाटल्या धुतल्याच 😂

फेसाळ
सहा धुतल्या. पन्नास नाही.

सव्वाशेर
फेसाचा विषय निघालाच आहे तर मिनी केगचं खरं दुखणं तेच. मोठ्या केगला पाच-सहा फूट बारीक नळी असते, तिच्यातून येताना दाब मरतो आणि बिअर शांतपणे ग्लासात येते. मिनी केगची तोटी थेट डोक्यावर, 12 पीएसआयने आलेली बिअर सरळ ग्लासात आदळते, अर्धा ग्लास फेस. बिअरचा वेग कमी करणारी फ्लो कंट्रोलची तोटी घ्यावी लागते, ती वेगळी विकत.

फेसाळ
किंवा ओतण्याआधी गॅस बंद करायचा, वरचा दाब थोडा सोडून द्यायचा आणि तीन-चार पीएसआयवर ओतायचं, पिऊन झालं की परत वाढवायचा. हां, प्रत्येक वेळी दाब सोडला की गॅस वाया, बूच लगेच म्हणतील म्हणून मीच म्हणतो.

बूच
म्हणणारच होतो. बरं आमच्या इंग्लंडातल्या पद्धतीचंही सांगतो, म्हणजे मी आंधळेपणाने विरोध करतोय असं वाटायला नको. 1963 ला इकडे घरच्या बिअरला लायसन्स लागणं बंद झालं तेव्हापासून लोक करतायत, आणि ब्रूअरीवाले स्वतः 5 लिटरच्या पत्र्याच्या मिनी कास्कमध्ये बिटर नावाची इंग्लिश बिअर विकतात. वरचं भोक मोकळं करायचं, खालच्या तोटीतून आपोआप येते, गॅस नाही काही नाही. पण वरून हवा आत जाते, तीन दिवसात संपवा नाहीतर आंबली. चार माणसं जमणार असतील तर एक नंबर. एकट्याने प्यायला नाही.

आलेपाक (पुणे)
मी बिअर करत नाही, करूही शकत नाही, पण आल्याचं जिंजर बीअर करतो, आलं साखर पाणी आणि बरणीत वाढवलेलं विरजण, त्याचं बाटलीवालं दुखणं तेच आहे म्हणून विचारतो. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात 35-36 असतं. तीन दिवसांपूर्वी काचेच्या स्विंग टॉपमध्ये भरलं, काल दुपारी कपाटात एक फुटली, काचा थेट पोळ्यांच्या डब्यापर्यंत. बाकीच्या बाटल्या अजून तिथेच आहेत आणि आईने स्वयंपाकघरात जायचंच बंद केलंय. केग घेऊ का?

सातू
आधी त्या बाटल्यांचं बघ रे! हात लावण्याआधी जाड टॉवेल टाक त्यांच्यावर, डोळ्याला चष्मा, हाताला जाड मोजे. टॉवेलसकट उचलून फ्रिजमध्ये ठेव, गार झालं की गॅस पाण्यात मुरतो, दाब उतरतो आणि विरजणही झोपतं. मग दुसऱ्या दिवशी टॉवेलखालूनच हळू उघड.

मृद्गंध
आणि हलवू नकोस अजिबात. आल्याच्या पाण्यात साखर भरपूर उरलेली असते, बिअरसारखी आधी संपलेली नसते, त्यामुळे तीन दिवस म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात खूप झाले. एकच दिवस बाहेर, मग फ्रिज.

बूच
केग बिग काही नको. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली घे, तीच भर. अंगठ्याने दाबून बघायची, नवीन आणलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी कडक झाली की फ्रिजमध्ये. काचेच्या बाटलीला हे विचारता येत नाही, हा तिचा दोष मी मान्य करतो.

फेसाळ
लिहून ठेवा कोणीतरी, बूच यांनी काचेचा दोष मान्य केला. आता केगला दाबाचा मीटर असतो एवढं पण मान्य करून टाका.

बूच
मीटर असतो. गळतोय हे दाखवायला.

आलेपाक
काचेच्या सगळ्या टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, काही झालं नाही. पण त्याच दिवशी एक प्लास्टिकच्या बाटलीत पण भरलं होतं, ती आत्ता दाबून बघितली तर दगड झालीये आणि बूड बाहेर आलंय, सरळ उभी राहत नाही. झाकण थोडं सैल करू का?

सातू
करू नकोस, छतापर्यंत जाईल. आडवी करून फ्रिजमध्ये टाक. लगेच.

आलेपाक
फ्रिजमध्ये जागा नाही, इडलीचं पीठ आहे.

मृद्गंध
पीठ बाहेर काढ. आईला मी सांगितलं म्हणून सांग.