बी विंग – गच्चीवरच्या बादल्या

४०१: रात्री परत बेडरूमच्या छताला ओल. वर नेमक्या तिथेच रंगाच्या बादल्या मांडल्यात. कोणाच्या ते सगळ्यांना ठाऊक आहे 🙏

१०२ काका: सुप्रभात 🌹

३०४ काकू: नाव घ्या की सरळ. माझ्याच आहेत. तुमच्याकडचं रंगकाम झालं तेव्हा जिन्यात टाकून दिलेल्या.

४०१: राग नको काकू. पण वजन?

२०१: वॉटरप्रूफिंगचं कोटेशन ग्रुपवर टाका.

३०१: काकू, वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की तीस किलोच्या वर जाते. येण्याजाण्याच्या गच्चीला चौरस मीटरमागे दीडशे किलो धरतात. तुमच्या आठ एकमेकींना खेटून आहेत.

३०४ काकू: भरलीय कोणी नुसती माती? खाली नारळाच्या शेंड्या, मग वाळका पाला, शेणखत, माती वरवर. मी एका हाताने सरकवते.

१०२ काका: म्हणजे दुपारचा घर्र आवाज तुमचा होय 😄

४०१: दोन वाजता!! बाळ झोपलेलं असतं.

सेक्रेटरी: विषयावर राहूया प्लीज.

२०१: विषय कोटेशनचाच आहे.

२०३: आणि डास? थर्माकोलच्या खोक्यात पाणी साचलंय. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

३०४ काकू: तो खोका माझा नाही. माझ्या खोक्यांना तळाला भोकं आहेत, मेथी लावलीय. तो मासे आणणाऱ्यांचा असेल.

१०२ काका: आमच्यावर का घसरताय 🐟

२०३: काकू, बादल्या ऑइलपेंटच्या नाहीत ना? मागे पालक वाटला होतात...

३०४ काकू: डिस्टेंपरच्या. धुऊन, उन्हात ठेवून. आणि पालक आवडला होता तुम्हाला!

३०१: आत्ता वर जाऊन आलो. पावसाच्या पाइपच्या तोंडाशी शेंड्या आणि पाला अडकलाय, सगळं पाणी ४०१ वर तुंबलंय. तोंडाला जाळी लावा, बादल्या विटांवर ठेवा. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र काढाच, गंजून लादी लाल झालीय.

४०१: म्हणजे मी म्हणत होतो तेच.

३०४ काकू: शेंड्या माझ्या. पाला पिंपळाचा, तो मी लावलेला नाही. आणि शेंड्यांत अडकलेला जुना पायपोस ४०१ चा आहे, ओळखते मी.

४०१: _हा मेसेज डिलीट केला आहे_

२०३: वाचला मी 🤭

सेक्रेटरी: रविवारी अकरा वाजता गच्चीवर या. विटा कोणाकडे आहेत का?

२०१: कोटेशन??

१०२ काका: विटा आहेत, पार्किंगमध्ये. गाडी कोणाची आडवी आहे ते सांगत नाही.