मदत हवी आहे: ईआरपी आलं, पण स्टोअरची वही सुटेना

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. उलाढाल 5 कोटींच्या वर, त्यामुळे ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं झालं आणि बिलिंग निमूटपणे संगणकावर आलं. घोडं अडलंय ते स्टोअरमध्ये. स्टोअरकीपर काका दिवसभर वहीत लिहितात, संध्याकाळी कुणीतरी ते ईआरपीत, म्हणजे स्टॉक-बिलिंग सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवतं. तोवर स्क्रीनवरचा स्टॉक खोटाच. जॉबवर्कला (बाहेरच्या कारखान्यात कामासाठी) गेलेल्या मालाचं तर विचारूच नका! तो वर्षाच्या आत परत यायला हवा, हा जीएसटीचा नियम डोक्यावर आहेच.

काकांना दुखवायचं नाही. कुठला माल कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक. मग वही एकदम बंद करावी, की आधी फक्त जॉबवर्कची चलनं (मालासोबत जाणारे कागद) ईआरपीतूनच काढावीत? सॉफ्टवेअरवाले म्हणतात, आणखी ट्रेनिंग घ्या. मला काही ते पटत नाही. स्टोअरमध्ये बारकोड कुणी लावलाय का?