बोटीवरची साथ कुठे अडवायची? प्रवाशांच्या दारात की कर्मचाऱ्यांच्या बंकवर?

तारवटी_वेंगुर्ला

आमच्या भागात "पोरगा बोटीवर आहे" म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. काम काय, तास किती, झोपतो कुठे, याची चौकशी नाही. घराचा स्लॅब पडला म्हणजे सगळं ठीक. मी नऊ वर्षं प्रवासी क्रूझवर काढली. सुरुवात गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी घासण्यापासून केली, शेवटची पाच वर्षं केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, विरोध असेल तर जरूर मांडा. उलट्या-जुलाब असोत की कोविड, जहाजावर साथ हाताबाहेर जाते ती आजारी कर्मचारी आजार लपवतो म्हणून. आणि तो लपवतो, कारण सांगितलं की त्याचे पैसे बुडतात.

माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. कॅरिबियनचा सीझन होता. माझा केबिनमेट गॅलीत भाजी-सॅलडवर होता. पाण्याच्या रेषेखालची केबिन, वर-खाली दोन बंक, बाथरूम एवढंसं की दार लावताना कोपर आपटायचं. रात्री दोनपासून तो पाच वेळा उठला. मी म्हटलं, सकाळी मेडिकलला जा. त्याने हात जोडले. करार संपायला सात आठवडे उरले होते, गावाकडे बँकेचा हप्ता थकला होता. दोन-तीन दिवस आयसोलेशन म्हणजे तेवढ्या दिवसांची टिप गेली, आणि पुढच्या करारात नाव मागे पडेल ही भीती वेगळीच. सकाळी सहाला तो कामावर उभा राहिला. मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी जहाजावर कोड रेड, म्हणजे साथीचा इशारा लागला. बफेचे चिमटे प्रवाशांच्या हातून काढून घेतले, आणि आम्ही सोळा-सोळा तास क्लोरीनच्या पाण्याने रेलिंग, लिफ्टची बटणं, दारांच्या कड्या पुसत होतो. साथ त्याच्यापासूनच सुरू झाली हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी तेव्हा बोलायला हवं होतं, हे आजही डोक्यातून जात नाही.

आता सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२०, जपानचं योकोहामा बंदर, डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज, कोविडची साथ. जहाजावर ३,७११ माणसं, त्यातले १,०४५ कर्मचारी. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना केबिनमध्ये राहायला सांगितलं. कर्मचारी? ते दारोदार जेवणाची ताटं पोहोचवत होते, मेसमध्ये एकत्र जेवत होते, दोघं-दोघं एका खोलीत झोपत होते. सुरुवातीला जे २० कर्मचारी पॉझिटिव्ह ठरले त्यातले १५ खानपान विभागातले होते. एकूण ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर आपले १३८ भारतीय होते, पैकी १३२ कर्मचारी. म्हणजे विलगीकरण कोणाचं झालं आणि ते कोणाच्या जिवावर चाललं, हे आकडेच सांगतात.

म्हणून माझ्या मागण्या अशा. आयसोलेशनच्या दिवसांचा मूळ पगार मिळावा, शिवाय मागच्या महिन्याच्या सरासरीइतकी टिपही कंपनीने द्यावी. प्रवाशांच्या डेकवर काही केबिन कायम रिकाम्या ठेवाव्यात, आजारी कर्मचाऱ्याला तिथे एकट्याला ठेवावं. आणि माणूस कामावर परत कधी घ्यायचा हे फक्त डॉक्टरने ठरवावं, जहाजावरचं खानपान आणि केबिन सांभाळणाऱ्या हॉटेल विभागाच्या साहेबाने त्यात पडू नये.

---

डोंबिवलीची_भटकी

दादा, तुमचा अनुभव मनापासून वाचला. तरीही मला हे पटत नाही. आजार जहाजावर आणतात प्रवासी, आणि पसरवतातही प्रवासीच.

जानेवारी २०१४ मधलं एक्सप्लोरर ऑफ द सीज हे जहाज घ्या, तिथली उलट्या-जुलाबाची साथ. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या नोंदीत ३,०७१ प्रवाशांपैकी ६३४ आजारी होते आणि १,१६६ कर्मचाऱ्यांपैकी ५५. प्रवाशांत शेकडा वीस, कर्मचाऱ्यांत शेकडा पाचही नाही. बंकवरच्या दाटीतून साथ उठत असती तर हे आकडे उलटे दिसले असते ना?

मी सासूबाईंना घेऊन दोन क्रूझ केल्या. चढताना आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, गेल्या काही दिवसांत जुलाब, ताप, खोकला होता का म्हणून. आमच्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब मराठीतच बोलत होतं, "नाही लिही, नाहीतर चढू देणार नाहीत." त्यांचा मुलगा बाकावर पोट धरून बसला होता. माणशी लाखभर रुपये भरलेले, शेवटच्या दिवशी रद्द केलं तर हाती काही येत नाही. खोटं लिहिण्यामागचं कारण तुम्ही सांगितलंत तेच आहे, पैसा. मग भरपाई आधी तिथे द्या. चढताना जो खरं सांगेल त्याला तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा पुढची तारीख मिळाली पाहिजे. साथ गँगवेच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलाच्या, आधीच अडेल.

आणि बंदरावरच्या सरकारांचं काय? १९ मार्च २०२० ला सिडनीत रुबी प्रिन्सेसवरून सुमारे २,६५० प्रवासी उतरू दिले. कोविडसाठी घशाचे नमुने घेतलेले होते, अहवाल यायचे होते. लोक विमानांत बसून देशभर गेले. त्या जहाजाशी जोडलेले २८ मृत्यू झाले. न्यू साउथ वेल्सच्या चौकशी आयोगाने राज्याच्या आरोग्य खात्याच्या गंभीर चुका दाखवल्या. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या टिपेने काय वाचलं असतं?

---

तारवटी_वेंगुर्ला

ताई, कर्मचाऱ्यांत शेकडा पाच हा आकडा मेडिकलला गेलेल्यांचा आहे. माझा केबिनमेट त्यात मोजलाच गेला नसता. आम्ही वयाने तरुण असतो, आमच्यासाठी दोन दिवसांची मळमळ म्हणजे एक गोळी आणि पाणी. सासूबाईंच्या वयाला तीच गोष्ट सलाइनवर जाते.

तिकिटाचे पैसे परत करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण प्रवासी दर आठवड्याला बदलतात. कर्मचारी सहा-सात महिने तिथेच असतो. एका फेरीतला आजार पुढच्या फेरीत कोण नेतो?

---

डॉ_जनआरोग्य

मी साथरोग नियंत्रणात काम करते, जहाजावर केलेलं नाही. दोघांच्या बोलण्यात दोन वेगळे आजार एकत्र येत आहेत, आधी ते सोडवू या.

जहाजावरच्या उलट्या-जुलाबांमागे बहुतेकदा असतो तो नोरोव्हायरस. त्याचे थोडेसे कण पोटात गेले तरी पुरतात. लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. सगळीकडे टांगलेलं अल्कोहोलचं जेल त्यावर नीट चालत नाही. साबण, वाहतं पाणी आणि पृष्ठभागांसाठी क्लोरीन, हेच खरं शस्त्र. लोक जेल चोळून बफेकडे वळतात तेव्हा त्यांना खोटा दिलासा मिळालेला असतो. शिवाय जुलाब थांबल्यावरही काही दिवस, कधी दोन आठवडे, शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. अन्न हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यावर किमान ४८ तास वेगळं ठेवायचं असा सीडीसीचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. पण पगारी रजा दिली की साथ संपली असं होत नाही. परतलेल्या माणसाला हात धुवायला वेळ मिळतो का, दोन टेबलांमध्ये त्याला सिंकपर्यंत जाता येतं का, हेही बघावं लागतं.

कोविडचं गणित निराळं. डायमंड प्रिन्सेसवरून हाँगकाँगला २५ जानेवारीला उतरलेला प्रवासी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह ठरला. प्रवासी केबिनमध्ये बंद झाले ५ तारखेला. मधल्या दिवसांत बफे आणि करमणुकीचे कार्यक्रम चालू होते. जपानच्या राष्ट्रीय संसर्गरोग संस्थेने लक्षणं कधी सुरू झाली त्याच्या तारखा लावून पाहिल्या. प्रवाशांमधली बरीचशी लागण ५ तारखेच्या आधीच झालेली होती. तेव्हा "साथ हाताबाहेर जाते ती आजारी कर्मचारी आजार लपवतो म्हणून" हे तारवटीदादांचं म्हणणं इथल्या पुराव्यात बसत नाही. मात्र ५ तारखेनंतर कर्मचाऱ्यांमध्ये लागण होत राहिली, हा त्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा. त्या माणसांसाठी विलगीकरण नव्हतंच. कोबे विद्यापीठाचे केंतारो इवाता जहाजावर जाऊन आले आणि १८ फेब्रुवारीला त्यांनी चित्रफितीत जाहीर सांगितलं की सुरक्षित भाग कुठला आणि दूषित कुठला, याची आत सीमाच नाही. अशा ठिकाणी हजारभर माणसं कामाला लावली होती. डॉक्टर म्हणून मला याचा राग येतो.

माझी मागणी या दोन्हींहून वेगळी आहे: आकडे उघड करा. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी २ टक्के लोकांना जुलाब-उलट्या झाल्या की सीडीसीला कळवावं लागतं. ३ टक्के झाले की ती साथ जहाजाच्या नावासकट प्रसिद्ध होते. न सांगता स्वच्छतेची तपासणी होते, १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास. मुंबई-गोवा फेरीच्या जहाजांचे असेच गुण तिकीट काढायच्या आधी मला दिसायला हवेत. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर सुमारे दोन हजार जणांच्या तपासणीत ६६ पॉझिटिव्ह निघाले, मुरगाव बंदरावर खल झाला आणि जहाज मुंबईला परतलं. आजारी माणसं कुठे उतरवायची हे जहाज निघण्याआधी दोन्ही बंदरांनी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

---

माजी_हॉटेल_विभाग

मी सहा वर्षं खानपान सुपरवायझर होतो, म्हणजे तारवटीभाऊ ज्यांच्यावर रागावलेत त्या बाजूचा. मलाही बोलू द्या.

जहाजावर बदली माणूस नसतो. मुंबईतल्या हॉटेलात दहा वेटर आजारी पडले तर संध्याकाळपर्यंत दहा दुसरे येतात. समुद्रात साठातले बारा आयसोलेशनला गेले की उरलेल्या अठ्ठेचाळिसांवर तेवढीच टेबलं पडतात. ते दमतात, हात धुणं चुकतं, त्यातले चार परत आजारी पडतात. हे मी पाहिलंय. रिकाम्या केबिन आणि भरपाईने ही तूट भरत नाही. साथीच्या वेळी जेवणाचे पर्याय कमी करायला, दोन रेस्टॉरंट बंद ठेवायला, प्रवाशांना "आज एवढंच" म्हणायला कंपनी तयार हवी. मी पाठिंबा देईन तो याला.

टिपेसकट भरपाईचं मात्र मला पटत नाही. दर आठवड्याला एक दिवस तीन हजार उतरतात आणि तीन हजार चढतात. त्या दिवसाचं काम काय असतं ते भाऊंना माहीत आहे. पूर्ण पैशांत झोपायला मिळणार असेल तर नेमकं त्या दिवशी किती पोटं दुखतील? आणि कायद्याने आजारपणाचा पगार मिळतोच. सागरी कामगार कन्व्हेन्शन, २००६ हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारलाय. शंभर किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तर जहाजावर डॉक्टर हवाच, हेही त्यातच आहे.

---

तारवटी_वेंगुर्ला

भाऊ, पगार मिळतो, खरं आहे. पण कोणता? करारातला मूळ. मी घरी पाठवायचो त्यातला मोठा भाग टिपेचा होता. ते तुम्हालाही ठाऊक आहे, कारण तुमचाही तसाच होता.

खोटी पोटदुखी होईल म्हणता. होईल, दोघा-चौघांची. डॉक्टर आहे ना तपासायला? त्या चौघांच्या धास्तीने खरा आजारी माणूस सॅलड कापत उभा राहिला तर किंमत कोण मोजतो? रेस्टॉरंट बंद ठेवण्याचं तुमचं म्हणणं मात्र मी माझ्या मागण्यांत जोडतो. ते मला आधी सुचलं नव्हतं.

डॉक्टरताई, तारखांचं मान्य. माझं वाक्य जास्त झालं.

---

डोंबिवलीची_भटकी

माझं मत बदललं नाही, आधी प्रवासीच. पण एक कबूल करते. साथ आली म्हणून आमच्या दुसऱ्या क्रूझवर बफेत वाढप्यांनी वाढायला सुरुवात केली तेव्हा मी उद्धटपणे तक्रार केली होती, "एवढे पैसे भरून स्वतःच्या हाताने घेताही येत नाही." त्या मुलाने फक्त "सॉरी मॅडम" म्हटलं. तो किती तास उभा होता कोण जाणे.

---

सावंतवाडीची_आई

मी कधी लिहीत नाही, वाचते. माझा मुलगा २०२० मध्ये बोटीवर अडकला होता. प्रवासी मार्चमध्येच उतरले. तो जूनपर्यंत प्रवासी नसलेल्या जहाजावर, किनारा दिसतोय पण पाय टाकता येत नाही, असा. रोज फोनवर "मी बरा आहे" म्हणायचा. एकदा पाठीमागून खोकल्याचा आवाज आला, मी विचारलं तर म्हणाला, "दुसरा कोणीतरी." नंतर घरी आल्यावर सांगितलं, तोच होता. कंपनीपासून लपवतात असं तुम्ही सगळे लिहिताय, पण मुलं आईपासूनही लपवतात.

येत्या महिन्यात तो परत साइन-ऑन करतोय. सरकार आणि कंपन्या बदलायच्या तेव्हा बदलतील. त्याला मी आत्ता काय सांगू?

---

तारवटी_वेंगुर्ला

काकी, हे सांगा. पहिला जुलाब झाला की वेळ लिहून ठेवायची आणि मेडिकलला जायचं, मित्राची गोळी घ्यायची नाही. तिथे नोंद झाल्याचा कागद मागायचा, निदान त्याचा फोटो तरी घ्यायचा. पुढे उपचाराचा खर्च किंवा पगाराचा वाद झाला तर तोच कामाला येतो. कराराची एक प्रत तुमच्याकडे ठेवा, त्यात आजारपणाचं कलम कुठे आहे ते निघण्याआधी त्याच्याकडून वाचून घ्या. आणि केबिनमेट आजारी असेल तर गप्प बसायचं नाही. मी बसलो होतो.

---

माजी_हॉटेल_विभाग

काकी, एक मीही सांगतो. सुपरवायझर "आजचा दिवस ढकल" म्हणाला तर त्याने "डॉक्टरला विचारून येतो" एवढंच म्हणायचं. त्या वाक्यावर आम्हाला नाही म्हणता येत नाही. मी स्वतः ढकलायला सांगितलंय लोकांना. दोनदा.

---

सावंतवाडीची_आई

कराराचं पाकीट कपाटात आहे, अजून उघडलंसुद्धा नाही आम्ही. आज रात्री तो जेवून उठला की त्याच्याकडून वाचून घेते. ओआरएसची पाकिटं बॅगेत भरली आहेत, ती बाहेरच्या कप्प्यात काढून ठेवते.