अनुभव धागा : दरवाज्यांच्या शहराला सायकलवरून फेरी

उलटीहवा
गेल्या महिन्यात मावसभाऊ नागपूरहून आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) आला. वेरूळ, अजिंठा, मकबरा सगळं शाळेच्या सहलीत उरकलेलं. "आता काय दाखवतोस?" म्हणाला. बहिणीची सायकल त्याच्या हातात दिली आणि सकाळी पावणेसहाला क्रांती चौकातून सिल्लेखान्याकडे निघालो. बेत असा की शहराच्या जुन्या तटबंदीच्या बाजूबाजूने जायचं आणि सापडतील तेवढे दरवाजे मोजायचे.

पैठण गेट त्या वेळी ओळखूच येत नाही. एरवी कपडे, मोबाईलची कव्हरं आणि माणसांच्या गर्दीत कमान कुठे आहे हे मान वर केल्याशिवाय कळत नाही. पहाटे तिच्याखाली फक्त दोन कुत्री आणि दुधाचे क्रेट. तिथून बारापुल्ला, भडकल, पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, मग मकाई, रंगीन, दिल्ली गेट, आणि पूर्वेकडून कटकट गेट, रोशन गेट करत परत. चुकलेले रस्ते धरून बारा किलोमीटर. दरवाजे भरले नऊ.

तट मात्र हुलकावणी देतो. मध्येच एखाद्या गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडाचा तुकडा दिसतो, पुढे घरं लागतात, की संपला. दोन दरवाज्यांच्या मधली रेघ आपणच मनात ओढायची. भाऊ म्हणाला, हे तर लहानपणी ठिपके जोडून हत्ती काढायचो तसं झालं.

तुम्ही अशी फेरी मारली असेल तर लिहा. बाहेरगावच्यांनी तर लिहाच, रोजच्या रस्त्यावरचं आम्हाला दिसत नाही. किती दरवाजे सापडले तेही सांगा.

शिळीभाकर
माझे अकरा. पण भडकल त्यात धरावा का, यावर घरी भांडण झालं. भडकल निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा, १६१२ चा, मुघलांना हरवल्याची आठवण म्हणून उभारलेला. त्याने खडकी (म्हणजे हेच शहर) वसवली १६१० मध्ये. औरंगजेबाने शहराला तट घातला तो १६८२ मध्ये, मराठ्यांच्या धाकाने. म्हणजे भडकल तटाआधी सत्तर वर्षं तिथे उभा होता. सायकलवर हे पायांनी कळतं. बाकी दरवाज्यांशी आपण बाहेरून आत येतो किंवा आतून बाहेर जातो. भडकलला नुसता वळसा पडतो, कारण तो कुंपणात आणि रस्ता बाजूने. १४ एप्रिलला तिकडे सायकल घेऊन जाऊ नका, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. गेलात तर चालत जा.

पाटावरवंटा
मी पुण्याचा, बाहेरगावचा म्हणून लिहितो. सायकल भाड्याने घेतली होती. दुकानदाराने "एकदम ओके" म्हणून दिली. मागचा ब्रेक नव्हताच आणि पुढचा मनात आलं तर लागायचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण हातात घेतल्यावर आधी ब्रेक दाबून बघा.

बारापुल्ल्याच्या थोडं पुढे पंक्चर. साडेसहाला कोण भेटणार? एक चाचा टपरी उघडत होते. त्यांनी ट्यूब पाण्यात धरली, दोन बुडबुडे दाखवले आणि विचारलं, "कां जारे?" दरवाजे बघायला म्हटल्यावर हसले. "हौ, बावन दरवाजे बोलते लोगां. गिनने को बैठे तो शाम हो जाती. पानी पीके जाव." पैसे घेतले नाहीत, "बोहनी के बाद देव" म्हणाले. परत येताना दिले. माझे दरवाजे सात, पंक्चर एक.

बेगमपुऱ्याची
इथे सगळे मकाई गेट एका ओळीत उरकतात म्हणून लिहिते. माझं माहेर बेगमपुऱ्यात. आठवीत बाबांनी लेडीज सायकल घेऊन दिली तेव्हापासून बारावीपर्यंत रोज मकाईतून आत आणि मकाईतून बाहेर. खाम नदी ओलांडून पूल थेट कमानीतच शिरतो. समोरून रिक्षा आली की एकाने थांबायचं. कुणी थांबायचं याचा नियम नव्हता, ज्याचा आवाज मोठा तो पुढे. मी घंटी न वाजवता "ओ काका!" ओरडायचे. कमानीत आवाज असा घुमायचा की रिक्षावाला दचकून ब्रेक मारायचा.

पावसाळ्यात कमानीखाली वीस-पंचवीस माणसं उभी राहायची. विद्यापीठातले पोरं, भाजीवाल्या, एखादी शेळी. आम्ही मैत्रिणी सायकली भिंतीला लावून तिथेच उद्याचा गृहपाठ उतरवून घ्यायचो. दगड उन्हाळ्यातही गार असायचा, पाठ टेकली की घाम बसायचा. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

आणि तट शोधताय ना? आमच्या एका नातेवाइकांच्या न्हाणीघराची मागची भिंत तटाची होती. खिळा ठोकायला गेलं की खिळा वाकायचा. आत्याबाई म्हणायच्या, बादशहाची भिंत आहे बाई, तुझ्या टॉवेलाला कशी दाद देईल!

परवा लेकीला घेऊन सायकलवरच गेले. पूल तोच, पण वास सोसवेना. खामची साफसफाई झाली म्हणतात, काही ठिकाणी फरक दिसतोही, पण पावसाळा सोडून गेलात तर नाकाला रुमाल ठेवा. पाणचक्कीच्या वडाखाली मात्र बरं वाटलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून तिथवर आणलंय, हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "मग आपल्याकडे नळाला इतक्या दिवसांनी का येतं?" काय उत्तर देणार.

घाटचढा
शहर झालं असेल तर दौलताबाद धरा. पंधरा किलोमीटर, जाताना चढ अंगावर येत नाही. गंमत अशी की किल्ल्याचा बाहेरचा तट वाटेतच लागतो आणि हमरस्ता थेट त्याच्या दरवाज्यातून जातो. सकाळी सातला तिथून सायकल काढताना देवगिरीच्या यादवांपासून तुघलकापर्यंत सगळे आठवतात. अकरा वाजता फक्त मागच्या ट्रकचा हॉर्न आठवतो. एस.टी. कमानीत शिरली की दोन्ही बाजूंच्या गाड्या श्वास रोखून बघतात. आपण कडेला उतरून सीताफळं घ्यावीत, हंगाम असेल तर. पुढचा खुलताबादचा घाट गियरच्या सायकलीशिवाय करू नका. मी केला, दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरत होतो. वर मलिक अंबरची कबर आहे. भडकलपासून निघून तिथे पोचलो की एका माणसाची गोष्ट पुरी होते, म्हणून मला ही वाट तटाच्या फेरीपेक्षा आवडते.

बिंदुसरेकाठी
आमच्या बीडालाबी वेशी हायेत की! राजुरी वेस, कोतवाली वेस. तुमच्यासारखे कुणी मोजत नाही, पण पत्त्यात अजून चालतात. मी सायकलवर पेपर टाकायचो तेव्हा वेशीच्या आतले पेपर आधी, बाहेरचे नंतर, असा हिशेब होता. आता बीडचाबी एक धागा काढा कुणीतरी.

उलटीहवा
बीडचा धागा तुम्हीच काढा, दादा. ताई, मकाईचं वाचून काल परत गेलो आणि कमानीत "ओ काका" ओरडून बघितलं. घुमतं. एक खरेच काका वळून बघत होते.

रोशन गेटकडून निघालात तर नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, पण खाल्ल्यावर पेडल मारायची आशा सोडा. आणि मार्चनंतर साडेआठच्या आत घरी या, दगडाची वाफ लागते.

शिळीभाकर
पाटावरवंटा, ते पंक्चरवाले चाचा नक्की कुठे? या शुक्रवारी तिकडेच आहे.

पाटावरवंटा
बारापुल्ल्याकडून येताना डाव्या हाताला, निळी टपरी. शुक्रवारी दुपारी नसतात. सकाळी जा, आणि माझा सलाम सांगा.