शब्दचर्चा: प्राधान्य, अग्रक्रम, निकड की नड?

प्रश्न
आमचं सॉफ्टवेअर सांगलीच्या मार्केट यार्डातले अडते वापरतात. मी तिथे प्रॉडक्ट मॅनेजर आहे. (‘उत्पादन व्यवस्थापक’ म्हटलं की कुपवाड एमआयडीसीत लोक विचारतात, कुठला कारखाना?) कामांच्या यादीतला ‘प्रायॉरिटी’ हा रकाना मराठीत करायचाय. प्राधान्य लिहू की अग्रक्रम? सध्या निम्म्या यादीपुढे ‘उच्च प्राधान्य’ पडलंय.

उत्तर
प्राधान्य हा प्रधानपणा, तो कितीही जणांना देता येतो. शिवाजी महाराजांचे प्रधान आठ होते, पण त्यांतही मुख्य प्रधान एकच. अग्रक्रमात क्रम आहे, पहिली जागा एकालाच मिळते. अग्रक्रम लिहा.

उत्तर
रकान्याला अग्रक्रम नको. सतराव्या कामाला कसला अग्रक्रम? नुसतं ‘क्रम’ लिहा आणि आकडे घाला. एक आकडा दोनदा वापरायचा नाही, एवढा नियम पाळलात तरी निम्मं भांडण मिटेल.

प्रश्नकर्ता
आकडे घालतानाच अडतंय. आम्ही राइस सूत्र लावतो: किती जणांना उपयोग, किती फरक आणि किती खात्री यांचा गुणाकार, भागिले मेहनत. दुकानांच्या मालकांना फोनवर रोजच्या उलाढालीचा आलेख हवाय: ९० दुकानं × ०.५ × ०.८ ÷ १ महिना, म्हणजे ३६. दुसरीकडे १० दुकानांत शेतकऱ्याच्या पट्टीत (मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदात) हमाली-तोलाईची वजावट चुकतेय: १० × ३ × १ ÷ १, म्हणजे ३०. सूत्र म्हणतं, आलेख आधी. हळदीचा हंगाम ऐन भरात आहे हो!

उत्तर
इथं आपल्याकडचा ‘नड’ हा शब्द कामाला येतो. निकड आणि नड लोक एकाच अर्थानं वापरतात, पण बोलताना फरक जाणवतो. निकड म्हणजे घाई, आणि ती सांगणाऱ्याच्या आवाजावरही ठरते. मालकानं तीनदा फोन केला की आलेखाची निकड वाढली. नड म्हणजे त्यावाचून अडणं. चुकीची पट्टी हातात घेऊन शेतकरी पेढीवर उभा आहे, त्याचे पैसे अडलेत. त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचणारही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं अशी फोड सांगितली होती, पण पट्टी तातडीचीही आहे आणि महत्त्वाचीही. तुमच्या सूत्रात नडीला रकानाच नाही. म्हणून आधी नडीची कामं सूत्राबाहेर काढून पुढे लावा, उरलेल्यांना खुशाल गुणाकार करा. मात्र नड म्हणणाऱ्यानं ‘कोणाचं काय अडलंय’ हे एका वाक्यात लिहावं. लिहिता आलं नाही तर ती निकड समजा. नाहीतर उद्या निम्म्या यादीपुढे ‘नड’ दिसेल.

प्रश्नकर्ता
हे पटलं. आता मागं ठेवलेल्या कामांना काय म्हणू? ‘प्रलंबित’ म्हटलं की तहसील कचेरी आठवते.

उत्तर
‘औंदा नाही’ लिहा, गंमत नाही करत. १९९४ साली डाय क्लेग यांनी मांडलेल्या, कामांचे महत्त्वानुसार गट पाडण्याच्या ‘मॉस्को’ पद्धतीत शेवटचा गट ‘या खेपेला नाही’ असाच आहे. ‘नामंजूर’ म्हणाल तर अडते दुसरं सॉफ्टवेअर बघतील. ‘औंदा नाही’ म्हटलं की पुढच्या हंगामाला विचारायला येतील. त्यामुळे तारीखही लिहून ठेवा, नाहीतर ते दरवर्षीचंच ‘औंदा नाही’ होईल.