विषय: बालगंधर्वची दोन तिकिटं, म्युनिकहून

प्रेषक: म्युनिक, सांस्कृतिक समिती
सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. मला जाणं जमत नाहीये. बाबांना नाटकाचं वेड, म्हणून पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातल्या दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटं इथूनच काढून द्यावीत असं ठरवलं होतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, तिकिटं अजून नाहीत.

ॲपला भारतीय मोबाइल नंबर लागतो. माझं जुनं सिम आईच्या कपाटात आहे. तिला फोन करून ओटीपी विचारला तर म्हणाली, "तो कुणालाच सांगायचा नसतो, बँकेचा मेसेज आलाय." आई बरोबरच होती. तिला काही न सांगता तिची समजूत घालायला दहा मिनिटं गेली, तोवर ओटीपीची वेळ संपली. मग इथलं कार्ड वापरलं, ते दोनदा नाकारलं. तिसऱ्या वेळी पैसे गेले, तिकीट आलं नाही. शिवाय ५०० रुपयांच्या दोन तिकिटांचे शेवटच्या पानावर हजाराच्या वर काहीतरी झाले होते.

इथे मी फेब्रुवारीतल्या मैफलीचं तिकीट सप्टेंबरात पाच मिनिटांत काढलं, ते घरी छापलं आणि त्याच कागदावर मैफलीला जाता-येता ट्रामचा प्रवासही होणार आहे. पुण्यात काय करायचं असतं, कुणी सांगेल का? आई-बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाहीये.

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या कोथरूड
मंगळवार, सकाळी

अगं, आधी पैशांचं. व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेच्या नोंदीचा फोटो जपून ठेव आणि विक्रेत्याला लेखी कळव. तिकीट निघालंच नसेल तर अशी रक्कम बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप परत येते. घाईघाईनं चौथ्यांदा पैसे भरू नकोस.

तिकिटांची काळजी सोड. मी उद्या सकाळी तिथल्या तिकीट खिडकीवर जातो.

आता बाकीचं जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वर्षी आपल्या म्युनिकच्या मराठी मंडळात नाटक आणायचं घाटतंय आणि तिथेही हेच प्रश्न येणार आहेत.

म्युनिकमध्ये तिकीट काढताना तू कार्डवाली असतेस. पुण्यात तू मोबाइल नंबर असतेस. हा फरक मुळातला आहे. नंबरावर ओटीपी, नंबरावर तिकिटाचा मेसेज, नंबरालाच जोडलेलं यूपीआय. इथल्या माणसाला ते इतकं सोपं झालंय की भाजीवाल्याला पैसे देतो तसं तो नाटकाचं तिकीट काढतो. बाहेरच्याला मात्र दारच सापडत नाही. २०२३ च्या जानेवारीत अनिवासी भारतीयांना त्यांच्या भारतातल्या एनआरई-एनआरओ बँक खात्यांवर परदेशी नंबरानं यूपीआय वापरायची मुभा मिळाली, पण ती १० देशांच्या नंबरांना. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, आखातातले काही देश त्यात होते. जर्मनी नव्हता. आणि परदेशी कार्ड चालणार की नाही, हे विक्रेत्यानं ती सोय चालू करून घेतली आहे का यावर असतं. तुझ्या कार्डात खोट नाही.

किमतीचं कोडं सोपं आहे. नाटकाच्या, नाचगाण्याच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, त्याच्या वर गेलं की लागतो. म्हणून इतक्या नाटकांची पुढच्या रांगांची तिकिटं नेमकी ५०० ला येऊन थांबतात. पण ॲप जे सुविधा शुल्क घेतं ती वेगळी सेवा, तिला माफी नाही, तिच्यावर १८ टक्के. खिडकीवर हे दोन्ही नाही. ५०० म्हणजे ५००.

राहिलं आधी काढण्याचं. तुमच्याकडे संस्था वर्षाचा कार्यक्रम छापते आणि तिकिटं खुली होतात. इथे नाटक हे फिरतं दुकान आहे. निर्मात्याला आज बालगंधर्व, उद्या चिंचवड, परवा नाशिक. नाट्यगृहाच्या तारखा वाटपात मिळतात, त्या कलाकारांच्या तारखांशी जुळवायच्या, मग पेपरात जाहिरातीची चौकट येते आणि प्रयोगाच्या काही दिवस आधी प्लॅन लागतो, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा खिडकीवर येऊन विक्री सुरू होते. सप्टेंबरात फेब्रुवारीचं तिकीट देणार कोण? पुणेकर अजूनही गुरुवार-शुक्रवारी पेपर उघडून रविवारचं नाटक ठरवतो. हल्ली निर्मातेही तिथेच क्यूआर कोड छापतात आणि 'तिकीटालय'सारखं खास मराठी नाटकांचं ॲपही आहे. पण सवय तीच, आठवड्याची.

उद्या कळवतो.

प्रेषक: टोकियो
मंगळवार, दुपारी

काका, नमस्कार.

म्युनिक सोडून मला इथे आठ वर्षं झाली, पण मंडळाची ही मेल-यादी सोडवत नाही. जपानची पद्धत सांगतो, कारण ती मला सगळ्यात न्यायाची वाटते.

इथे मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट 'काढत' नाहीत, त्यासाठी अर्ज करतात. ठरावीक दिवसांच्या मुदतीत कधीही अर्ज करा, पहिल्या मिनिटाला केला काय आणि शेवटच्या दिवशी केला काय, सारखंच. मग सोडत निघते. नाव लागलं तर मुदतीत पैसे भरायचे, तेही हवे तर कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात रोख. दुकानातल्या यंत्रातून चिठ्ठी काढायची, गल्ल्यावर द्यायची, तिथला मुलगा तिकीट छापून पाकिटात घालून दोन्ही हातांनी देतो. माझ्या शेजारच्या ८० वर्षांच्या आजी अशीच काबुकीची, म्हणजे इथल्या पारंपरिक नाटकाची, तिकिटं आणतात, त्यांच्याकडे कार्डही नाही.

काळ्या बाजाराला इथे कायद्यानं चाप आहे. १४ जून २०१९ पासून नाव नोंदवून दिलेलं तिकीट धंदा म्हणून जादा दरानं विकलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाता आलं नाही तर आयोजकानं नेमून दिलेल्या ठिकाणी मूळ दरात परत विकता येतं.

आपल्या नाटकाला सोडत का ठेवू नये? मागच्या वेळी दुवा पाठवल्यावर वीस मिनिटांत तिकिटं संपली होती. ज्यांची त्या वेळी मीटिंग होती ते बाहेर राहिले.

प्रेषक: डब्लिन
मंगळवार, रात्री

मला कायद्याबद्दल लिहायचंय, कारण माझा भाऊ पिंपळे सौदागरला राहतो आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्यानं जे पाहिलं ते अजून मनातून जात नाही.

कोल्डप्ले या बँडच्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबरला दुपारी सुरू झाली. भाऊ, वहिनी आणि भाची, तिघं तीन फोन घेऊन बसले. रांगेतला क्रमांक लाखांत. मूळ दर २,५०० पासून ३५,००० पर्यंत होते आणि त्याच संध्याकाळी तीच तिकिटं दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावात दिसू लागली. मुंबई पोलिसांनी चौकशी केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली, कारण असा कायदा करणं हे न्यायालयाचं काम नाही, ते कायदेमंडळाचं. मला ते पटतं. म्हणूनच कायदा व्हायला हवा असं मी सगळ्यांना सांगत असते. भाची तेव्हा १५ वर्षांची होती आणि वर्षभर पैसे साठवत होती.

आयर्लंडमध्ये २०२१ चा कायदा आहे. १,००० किंवा जास्त क्षमतेच्या नेमलेल्या ठिकाणच्या कार्यक्रमाचं तिकीट मूळ किमतीपेक्षा जादा दरात विकणं गुन्हा. दंड १ लाख युरोपर्यंत, कैद दोन वर्षांपर्यंत. डेन्मार्कनं हे २००७ मध्येच केलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये मूळ किमतीवर १० टक्क्यांपर्यंतच चढवता येतं, म्हणजे विकणाऱ्याचा खर्च निघावा, धंदा होऊ नये. अमेरिकेत उलट, तिकीट पुन्हा विकणं हा राजरोस व्यवसाय आहे आणि बंदी आहे ती यंत्रानं ढीगभर तिकिटं उचलण्यावर, २०१६ पासून. शुल्कं मात्र तिथे लपवता येत नाहीत आता. १२ मे २०२५ पासून कार्यक्रमाच्या तिकिटाची पूर्ण किंमत पहिल्यापासून दाखवावी लागते. म्युनिकच्या ताईला शेवटच्या पानावर जो धक्का बसला तो तिथे बसला नसता.

म्हणून माझी सूचना साधी: आपल्या मंडळाच्या पहिल्याच मेलमध्ये सगळं धरून एकच आकडा लिहा. आणि तिकीट परत विकायचं तर त्याच आकड्याला.

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या कोथरूड
बुधवार, दुपारी

डब्लिनच्या ताईच्या दोन्ही सूचना मला शब्दशः मान्य आहेत. युरोपात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत परत करता येते, पण ठरलेल्या तारखेच्या कार्यक्रमाचं तिकीट त्या हक्कात येत नाही. म्हणजे आपण परत घेतलं नाही तर कुणी घेणार नाही. आजारी पडलेल्या सभासदाचं तिकीट मंडळानं परत घ्यावं, असा नियम मी खजिनदार असताना करायला हवा होता. केला नाही. एका काकूंचे पैसे त्यात गेले आणि त्या पुन्हा आल्या नाहीत.

सोडतीबद्दल मात्र टोकियोकरांशी माझं जमत नाही. आज सकाळीच बालगंधर्वला जाऊन आलो, तिथे जे पाहिलं ते सांगतो.

खिडकीपाशी सात-आठ माणसं. माझ्या पुढे एक गृहस्थ, हातात काठी. बुकिंगवाल्यानं प्लॅन पुढे सरकवला. ॲपवर जे हिरवे-करडे चौकोन दिसतात तेच, पण कागदावर, पेन्सिलीच्या फुल्या मारलेले. गृहस्थ म्हणाले, "पुढची नकोत, मान दुखते. कडेची द्या, मध्यंतराआधी उठावं लागतं." बुकिंगवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग ही नको, इथे पायरी आहे. दोन रांगा मागे या, दाराजवळ." ही पायरी ॲपच्या नकाशावर नसते. सोडतीत तर खुर्चीची निवडच हातात राहत नाही. हे नाट्यगृह १९६८ साली उघडलं. पुण्यातले जे लोक तेव्हापासून इथे नाटकं बघताहेत ते आता सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत. त्यांना न्याय म्हणजे सारखी संधी नव्हे, गुडघ्याला झेपेल अशी खुर्ची.

सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचंही तसंच. १९५३ पासून तो महोत्सव चालू आहे आणि अजूनही भारतीय बैठक आणि खुर्ची असे वेगळे दर असतात. कुणाला मांडी घालता येते, कुणाला नाही, एवढा साधा विचार त्या दरपत्रकात आहे. जे डिसेंबरात येणार आहेत त्यांनी सगळ्या दिवसांचा पास हवा की एका दिवसाचं तिकीट, हे आधी ठरवा आणि पुण्यातल्या कुणाला तरी काढायला सांगा. आल्यावर बघू म्हणाल तर हवी ती जागा मिळेलच असं नाही.

खिडकी सगळीकडे बरी असंही मी म्हणत नाही. २०२३ च्या विश्वचषकात भारत-बांगलादेश सामना १९ ऑक्टोबरला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर होता. त्या स्पर्धेला ई-तिकीट चालत नव्हतं, ऑनलाइन पैसे भरूनही कागदी तिकीट हातात घ्यावं लागत होतं. माझा पुतण्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून ते आणायला उन्हात उभा राहिला. तिथे कागदानं कुणाचं भलं झालं नाही. हजाराचं नाट्यगृह आणि चाळीस हजारांचं मैदान यांना एकच माप लावून चालत नाही, एवढंच.

आपलं सभागृह २५० खुर्च्यांचं. तेव्हा माझं म्हणणं असं: पहिले चार दिवस ज्येष्ठांसाठी फोनवर नोंदणी, समितीतल्या एकानं प्लॅन समोर ठेवून बोलायचं. उरलेल्या खुर्च्यांसाठी, हवी तर, टोकियोची सोडत. वीस मिनिटांची शर्यत मात्र पुन्हा नको. त्यात लहान मुलांच्या आया हरतात, ते मी मागच्या वेळी पाहिलंय.

प्रेषक: टोकियो
बुधवार, रात्री

काका, पायरीचं मला सुचलंच नव्हतं. आधी फोन, मग सोडत, असंच करू. सोडतीचा तक्ता मी बनवतो. फोनवर बसायला म्युनिकमधलं कुणीतरी हवं, माझ्या आणि म्युनिकच्या वेळेत सात-आठ तासांचं अंतर पडतं.

प्रेषक: म्युनिक, सांस्कृतिक समिती
बुधवार, रात्री

फोनवर मी बसते. प्लॅनवर पायऱ्या आणि खांब आधी काढून घेते, शनिवारी सभागृहात जाऊन.

काका, तिकिटं मिळाली का?

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या कोथरूड
गुरुवार, सकाळी

मिळाली की. सातवी रांग, कडेच्या दोन, उजवीकडच्या दाराजवळ. बुकिंगवाल्याला सांगितलं, लग्नाचा ५० वा वाढदिवस आहे, तर त्यानं आधी दिलेली दोन परत घेतली आणि ही दिली.

तिकिटावर कुणाचं नाव नाही, नंबर नाही, त्यामुळे सोपं झालं. पाकिटात घालून तुमच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या काकूंकडे ठेवलं आहे. रविवारी सकाळी त्या गजऱ्यासोबत वर नेऊन देतील. रिक्षाचंही त्यांनी बघितलंय. तू साधारण दहा वाजता, पुण्याच्या वेळेनं, फोन कर. तोवर आईनं पाकीट उघडलेलं असेल.