लॉर्ड ऑफ द रिंग्ज: ४के सेट घ्यावा की जुनी ब्लू-रेच बरी?

मुलुंडकर:
मंडळी, एक्स्टेंडेड एडिशनचा (जादा सीन घातलेली लांब आवृत्ती) २०११ चा ब्लू-रे सेट माझ्याकडे आहे. आता घरी ५५ इंची ओएलईडी टीव्ही आणि ४के प्लेयर आलाय म्हणून २०२० मधे आलेला ४के (ब्लू-रेच्या चौपट पिक्सेल) सेट घ्यायचं डोक्यात आहे. एक मित्र म्हणतो डोळे झाकून घे, दुसरा म्हणतो सगळ्यांचे चेहरे मेणाचे करून ठेवलेत, पैसे पाण्यात जातील. नेमकं काय बघून ठरवायचं? आणि बाहेरून मागवला तर रीजनची भानगड (एका देशातली डिस्क दुसरीकडच्या प्लेयरवर न चालणं) होईल का?

निशा_दादर:
रीजनचं टेन्शन घेऊ नकोस, ४के डिस्कला रीजन लॉक नसतो, ती कटकट साध्या ब्लू-रेची.
चित्राचं म्हणशील तर तुझ्या सेटमधला पहिला भाग लाव आणि कॅराड्रास डोंगरावरचा बर्फ बघ, सगळ्यावर हिरवट झाक आहे, एकदा लक्षात आलं की मग डोळ्यांना सारखं तेच खुपतं. ४के मधे ती झाक गेलीये. बर्फ पांढरा, चेहऱ्यांचे रंग माणसांचे. माझ्यासाठी तेवढ्यावरच पैसे वसूल.

गिरगाव_टॉकीज:
रंगाबाबत निशाताईंना शंभर टक्के अनुमोदन, पण तुझा दुसरा मित्रही उगाच बोलत नाहीये. हे पिक्चर ३५ एमएम फिल्मवर शूट झालेत आणि फिल्मला ग्रेन असतोच, तो बारीक दाणा म्हणजे घाण नव्हे, दाढीचे केस, झग्याचा पोत, सुरकुत्या सगळं त्यातच असतं. ४के सेटमधे नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारं सॉफ्टवेअर) मारून तो बऱ्याच ठिकाणी पुसलाय. गँडाल्फचे क्लोजअप पॉज करून बघ, काही शॉट्समधे कपाळावरच्या आठ्यांना इस्त्री फिरवल्यासारखं वाटतं. मला याचा खरंच राग येतो, एवढ्या मेहनतीने केलेला मेकअप आणि कपडे, ते नीट दिसायला नकोत? शिवाय व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरची दृश्यं) त्या काळी २के मधेच, म्हणजे ४केच्या पाव पिक्सेलमधे, बनलेले, त्यामुळे ४के आहे म्हणून प्रत्येक शॉटमधे चौपट डिटेल मिळेल असं समजू नकोस. खरा फायदा एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवण्याचा. मोरियाच्या खाणीतला काळोख आणि त्यात बलरॉग राक्षसाची आग, हे जुन्या डिस्कवर असं दिसत नाही.
आणि लॅमिंग्टन रोडला दुकानातल्या डेमोवरून काही ठरवू नकोस, तिथे टीव्ही व्हिव्हिड मोडवर असतात, सगळंच चकाचक दिसतं. घरी टीव्हीच्या सेटिंगमधे फिल्ममेकर मोड (चित्रात ढवळाढवळ न करणारा) लाव, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं) बंद कर, मग चेहरे बघ.

अंधेरी_वेस्ट:
आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही. अ‍ॅटमॉस मिक्स (आवाज चहूबाजूंनी, वरूनही येतो) जबरदस्त आहे, मोरियातले ढोल आधी लांबून येतात आणि मग अंगावरच येतात. नुसत्या टीव्हीच्या स्पीकरवर ऐकणार असशील तर मात्र निम्मी मजा गेली, निदान सबवूफरवाला साउंडबार तरी हवा.
४के सेटमधे थिएट्रिकल (थिएटरात लागलेली) आणि एक्स्टेंडेड दोन्ही आहेत. एक्स्टेंडेडचा प्रत्येक भाग इथेही दोन डिस्कवरच, म्हणजे मधे उठावं लागणारच. आणि महत्त्वाचं, मेकिंगचं काहीही यात नाही. तुझ्या जुन्या सेटमधल्या ९ डीव्हीडींवर ते सगळं आहे, मिनिएचर (छोट्या प्रतिकृती) कशी बांधली, चिलखतं कशी बनवली, अक्षरशः तासन्‌तास. तो सेट विकून ४के घ्यायचा विचार असेल तर अजिबात नको.

मुलुंडकर:
विकायचाच विचार होता, रद्द. बर्फाचा सीन आत्ताच लावला, निशाताई म्हणतात तसंच आहे. रंगासाठी ४के घेतोय, साउंडबार पुढच्या महिन्यात बघू.